स्नायुपेशीच्या आत रेणूंची ये-जा आणि ऊर्जेची व्यवस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात स्नायूंबद्दलचे प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतात. नवरात्र जवळ आलं की गरब्यात पाय का भरून येतात हे विचारलं जातं. थंडीत कमाटीबागेत फेऱ्या मारणारे चालण्याचा आणि साखरेचा संबंध विचारतात, आणि आखाड्यात जाणारी मुलं क्रिएटिनच्या डब्याबद्दल. उत्तरं शोधत गेलं तर ती बहुतेक एकाच ठिकाणी येऊन मिळतात: पेशीच्या आतलं अंतर. कोणता रेणू कुठे तयार होतो, कुठे लागतो आणि मधलं अंतर किती, यावर स्नायूचा दम ठरतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

रेणू पेशीच्या आत हलतो कशाने? त्याला कोणी ढकलतं का?

लहान रेणूंना कोणी ढकलत नाही. शरीराच्या उष्णतेमुळे पाण्याचे रेणू सतत धडका देत असतात आणि त्या धडकांनी प्रत्येक रेणू दिशाहीन भरकटतो. जिथे दाटी जास्त तिथून विरळ जागेकडे हळूहळू पसरणं घडतं, त्याला विसरण म्हणतात. मांडवीच्या दिवाळीच्या गर्दीत ध्येय नसलेला माणूस जसा चार पावलं पुढे, तीन मागे, दोन आडवी असा सरकतो, तसंच.

यातला हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ चौपट होतो. वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरण-गुणांकाची दुप्पट. स्नायूतल्या एटीपीसाठी (पेशी ज्या रेणूतून ऊर्जा खर्च करते तो) हा गुणांक सेकंदाला सुमारे २०० चौरस मायक्रॉन धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग १ मायक्रॉनला अडीच मिलिसेकंद लागतात, १० मायक्रॉनला पाव सेकंद, ५० मायक्रॉनला सहा सेकंदांहून थोडं जास्त. १ मिलिमीटरला तब्बल ४२ मिनिटं जातात आणि १ सेंटिमीटरला जवळजवळ तीन दिवस.

म्हणजे विसरण अगदी जवळच्या अंतराला विजेसारखं आणि लांबच्या अंतराला निरुपयोगी. स्नायुपेशीची सगळी रचना या एका गोष्टीभोवती झाली आहे.

पण मांडीतले स्नायुतंतू कित्येक सेंटिमीटर लांब असतात. मग त्यांचं कसं चालतं?

कारण लांबीच्या दिशेने फारसं काही पोहोचवावंच लागत नाही. तंतू लांब असला तरी त्याची जाडी साधारण १० ते १०० मायक्रॉन, मोठ्या माणसात बहुधा ५० च्या आसपास. रक्ताच्या केशवाहिन्या तंतूच्या अंगाला लागून लांबीभर धावतात, त्यामुळे ऑक्सिजन आणि ग्लुकोज आडवे आत शिरतात आणि त्यांना फार तर २०-२५ मायक्रॉन जावं लागतं. केंद्रकही एक नसतं. एका तंतूत शेकडो, लांब तंतूत हजारो केंद्रकं पटलाखाली (पेशीच्या बाहेरच्या आवरणाखाली) पसरलेली असतात आणि प्रत्येक केंद्रक आपल्या आसपासच्या भागाची प्रथिनं पुरवतं. मोठी ओझी, म्हणजे संदेशवाही आरएनए, पुटिका (पटलाच्या छोट्या पिशव्या), प्रथिनं बनवणारे रायबोसोम, यांना विसरणावर सोडून भागत नाही. त्यांच्यासाठी सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून कायनेसिन, डायनीन ही मोटर-प्रथिनं एटीपी खर्चून त्यांना ओढून नेतात.

मेंदूकडून आलेला इशारा तंतूच्या मध्यापर्यंत इतक्या झटपट कसा पोहोचतो?

हाच प्रश्न ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आकडे मांडून विचारला होता. बेडकाच्या तंतूत पटलापासून एखादा पदार्थ विसरणाने मध्यापर्यंत जाऊन आकुंचन सुरू करत असेल, तर जेवढा वेळ लागायला हवा त्यापेक्षा प्रत्यक्षात आकुंचन कितीतरी लवकर सुरू होतं. वेळेचा मेळ बसत नव्हता. पुढे १९५० च्या दशकात अँड्र्यू हक्सली आणि टेलर यांनी तंतूच्या पृष्ठभागावर अगदी बारीक टोकाने विजेचा स्पर्श दिला. काही ठरावीक जागीच आकुंचन मिळालं, इतरत्र नाही.

त्या जागी पटल आत वळून नळीसारखं खोल शिरलेलं असतं. या टी-नलिका. माणसाच्या स्नायूत प्रत्येक सार्कोमिअरमध्ये, म्हणजे दोन-अडीच मायक्रॉनच्या प्रत्येक एककात, त्यांचे दोन थर असतात. विजेचा इशारा नळीतून थेट आत जातो, तिला खेटून असलेली कॅल्शियमची कोठारं उघडतात, आणि कॅल्शियमला फक्त १ मायक्रॉनच्या आसपास विसरण करावं लागतं. विश्रांतीत पेशीद्रवातलं मोकळं कॅल्शियम ०.१ मायक्रोमोलरच्या घरात असतं (मायक्रोमोलर हे दाटीचं एकक, मिलिमोलर त्याच्या हजारपट), इशाऱ्यानंतर ते दहापट किंवा त्याहून वाढतं. ते परत कोठारात भरणाऱ्या पंपाला दर दोन कॅल्शियम आयनांमागे एक एटीपी द्यावं लागतं. स्नायू सैल सोडण्यालाही ऊर्जा लागते, हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

पेशीच्या आत पाणी असतं की जेली?

दोन्हींच्या मधलं काहीतरी, आणि खचाखच भरलेलं. पेशीच्या आतल्या जागेपैकी सुमारे चार-पंचमांश आकुंचन करणाऱ्या मायोफायब्रिल्सनीच व्यापलेली असते. त्यांच्यात मायोसिनचे जाड धागे एकमेकांपासून जेमतेम ४० नॅनोमीटरवर उभे असतात आणि मध्ये ॲक्टिनचे बारीक धागे. एटीपीसारखा लहान रेणू यातून साध्या पाण्याच्या निम्म्या किंवा त्याहून कमी वेगाने सरकतो. ऑक्सिजन धरणाऱ्या मायोग्लोबिनसारखं मध्यम प्रथिन आणखी दहा-बारा पट मंद. ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, कण तर जवळजवळ जागचा हलतच नाही. शिवाय धाग्यांना समांतर जाणं सोपं, त्यांना छेदून आडवं जाणं अवघड.

स्नायूत एटीपी किती साठवलेलं असतं?

फारच थोडं. पेशीतल्या पाण्यात सुमारे ८ मिलिमोलर. जीव तोडून धावताना एवढं एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल. तरीही शर्यतीच्या शेवटी मोजलं तर एटीपी फारसं घटलेलं दिसत नाही, कारण खर्च होताच ते पुन्हा भरलं जातं. भरण्याचे तीन मार्ग आहेत: क्रिएटिन फॉस्फेट (तात्काळ), ग्लायकोलिसिस (ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडणं; जलद, पेशीद्रवात), आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांतलं ऑक्सिजनवरचं ज्वलन (सावकाश, पण ग्लुकोजच्या एका रेणूमागे एकूण ३० ते ३२ एटीपी देणारं). हे तिन्ही एकाच वेळी सुरू होतात, फक्त वाटा बदलत जातो. ‘पहिली दहा सेकंदं हा, मग तो’ असं पाळीपाळीने काही घडत नाही.

क्रिएटिन फॉस्फेट नेमकं काय करतं? तो फक्त साठा आहे का?

या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण पाठ्यपुस्तकात अर्धंच उत्तर असतं.

शोधापासून सांगायचं तर १९२७ मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्क आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतला हा पदार्थ ओळखला. आंध्रातून गेलेल्या सुब्बारावांचं नाव आपल्याकडे शाळेत फारसं घेतलं जात नाही, याची खंत वाटते.

साठा म्हणून त्याचं काम सोपं आहे. विश्रांतीत तो पेशीत सुमारे ३० मिलिमोलर असतो, म्हणजे एटीपीच्या तिप्पट-चौपट. मायोसिनने एटीपी वापरून एडीपी (एक फॉस्फेट गमावलेलं एटीपी) सोडलं की शेजारचं क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम क्रिएटिन फॉस्फेटचा फॉस्फेट त्या एडीपीला देऊन टाकतं. तिथल्या तिथे पुन्हा एटीपी.

दुसरं काम वाहतुकीचं. मायटोकॉन्ड्रियात बनलेलं एटीपी मायोसिनपर्यंत जायला तशी अडचण नाही, ते भरपूर आहे. अडचण आहे ती परतीची. वापरून झालेलं एडीपी मायटोकॉन्ड्रियाकडे परत जायला हवं, नाहीतर तिथे नवीन एटीपी कशापासून बनणार? पण मोकळं एडीपी पेशीत अवघं १० ते २० मायक्रोमोलर असतं, एटीपीच्या काहीशे पटींनी कमी. विसरणाला दाटीतला फरक लागतो, आणि मुळात इतक्या थोड्या पदार्थात फरक तो किती पडणार? एडीपी वाढू दिलं तर मायोसिनची आणि कॅल्शियम पंपाची ताकद घसरते, म्हणून तोही मार्ग बंद.

यावर तोड अशी: एडीपीऐवजी निरोप क्रिएटिन नेतं. मोकळं क्रिएटिन सुमारे १० मिलिमोलर, म्हणजे एडीपीच्या शेकडो पट. मायोसिनजवळ क्रिएटिन सुटतं, विसरणाने मायटोकॉन्ड्रियाकडे जातं. तिथे क्रिएटिन कायनेजचा दुसरा प्रकार दोन पटलांच्या मधल्या फटीत बसलेला असतो. तो आतून नुकत्याच आलेल्या एटीपीचा फॉस्फेट क्रिएटिनवर चढवतो आणि एडीपी लगेच आत परत पाठवतो. भरलेलं क्रिएटिन फॉस्फेट मायोसिनकडे निघतं. एटीपी-एडीपीचा मोठा प्रवास टळतो, त्यांना दोन्ही टोकांना केवळ काही नॅनोमीटर हलावं लागतं.

हे एन्झाइम नसेल तर? १९९३ मध्ये स्नायूतलं क्रिएटिन कायनेज नसलेले उंदीर तयार केले गेले. ते जगले, चालले, पण एकदम जोर लावायची वेळ आली की त्यांचे स्नायू कमी पडायचे. आणि त्यांच्या वेगवान तंतूंमध्ये मायोफायब्रिल्सच्या मध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढलेले दिसले. वाहतूक अडली तेव्हा पेशीने कारखानाच जवळ आणला.

मायटोकॉन्ड्रिया पेशीत सुटे सुटे विखुरलेले असतात का?

चित्रात शेंगदाण्यांसारखे काढतात म्हणून तसं वाटतं. स्नायूत मात्र ते एकमेकांना जोडलेल्या जाळ्यासारखे असतात. काही पटलाखाली, केशवाहिनीच्या जवळ, काही आत मायोफायब्रिल्सच्या दरम्यान, बहुतेक झेड-रेषेच्या (सार्कोमिअरच्या कडेच्या रेषेच्या) दोन्ही बाजूंना. २०१५ मध्ये उंदराच्या स्नायूवर झालेल्या कामातून दिसलं की पटलाखालचा भाग ऑक्सिजन वापरून आतल्या पटलावर विजेचा दाब तयार करतो आणि तो दाब जाळ्यातून आतल्या भागाला मिळतो, तिथे त्यावर एटीपी बनतं. म्हणजे ऊर्जा रेणूंच्या रूपात न जाता विजेच्या तारेतून गेल्यासारखी जाते. जाळ्याचा एखादा तुकडा बिघडला तर तो झटकन तोडून वेगळा पडतो, बाकीचं जाळं वाचतं.

माणसाच्या पायाच्या स्नायूत त्यांचं आकारमान साधारण ३ ते ६ टक्के असतं, हृदयाच्या स्नायूत २५ टक्क्यांच्या वर. नियमित चालण्या-धावण्याने पायातलं प्रमाण वाढतं आणि अंथरुणाला खिळल्यावर काही आठवड्यांत घटतं.

मायोग्लोबिनमुळे स्नायू लाल दिसतो म्हणतात. त्याचा उपयोग काय?

हिमोग्लोबिन ऑक्सिजनच्या २७ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला अर्धं रिकामं होतं, मायोग्लोबिन मात्र थेट २-३ मिलिमीटरला. म्हणून रक्तातून आलेला ऑक्सिजन ते घट्ट धरतं आणि काम करणाऱ्या पेशीत दाब अगदी खाली गेल्यावरच सोडतं. मांडीने जोर लावताना पेशीतला ऑक्सिजनचा दाब ३ ते ५ मिलिमीटरपर्यंत उतरलेला मोजला गेला आहे, म्हणजे ते नेमकं कामाच्या पट्ट्यात असतं. ते स्वतः सरकून ऑक्सिजन किती वाहतं यावर अभ्यासकांत एकमत नाही, कारण त्याचा वेग मंद आहे. अल्पकाळचा साठा म्हणून मात्र ते नक्की कामी येतं. पाण्याखाली दीर्घकाळ राहणाऱ्या देवमाशांचे स्नायू त्याने काळपट लाल झालेले असतात.

ग्लायकोजेन कुठे ठेवलेलं असतं? एका पायातलं दुसऱ्याला मिळतं का?

धडधाकट माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. स्नायूत ते २० ते ४० नॅनोमीटरच्या कणांत असतं आणि हे कण तीन जागी: पटलाखाली, मायोफायब्रिल्सच्या मध्ये, आणि थोडेसे खुद्द मायोफायब्रिलच्या आत. हा तिसरा साठा सर्वांत लहान. पण डेन्मार्कमधल्या अभ्यासांत दमण्याशी आणि कॅल्शियम कमी सुटण्याशी सर्वांत जवळचा संबंध त्याच साठ्याचा दिसला. एकूण ग्लायकोजेन बरंच शिल्लक असूनही पाय गळून जातात याचं एक कारण हे असावं. माल गावात आहे, पण लागतो त्या गल्लीत नाही.

दुसऱ्या पायाला ते थेट मिळत नाही. ग्लायकोजेनपासून सुटलेल्या ग्लुकोजवर फॉस्फेट चिकटलेला असतो आणि तो काढणारं एन्झाइम स्नायूत नसतं, यकृतात असतं. फॉस्फेटसकट ग्लुकोज पटलातून बाहेर पडू शकत नाही. फक्त लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट फोडल्यावर बनणारा रेणू) बनून बाहेर पडलं तर इतर अवयवांच्या कामी येतं.

सगळी एन्झाइम्स पेशीत असली म्हणजे झालं ना? त्यांची जागा कशाला महत्त्वाची?

माशीने याचं फार स्पष्ट उत्तर दिलं आहे. फळमाशीच्या उडण्याच्या स्नायूत ग्लायकोलिसिसची एन्झाइम्स झेड-रेषेवर आणि सार्कोमिअरच्या मधल्या एम-रेषेवर रांगेने बसलेली असतात. १९९० च्या दशकात एका एन्झाइमचं फक्त शेपूट, शेवटची तीन अमिनो आम्लं, बदलून पाहिली. एन्झाइम पूर्ण कामाचं राहिलं, पण आपल्या जागी बसेना, आणि त्याच्या सोबतीची एन्झाइम्सही विखुरली. सगळी सामग्री पेशीत हजर होती. माशीला उडता येईना.

आपल्या स्नायूतही ग्लायकोलिसिसची काही एन्झाइम्स ॲक्टिनला आणि कॅल्शियम कोठारांच्या पटलाला लागून असतात, आणि कॅल्शियम पंपाला तिथेच बनलेलं एटीपी आधी मिळतं.

चरबी एवढी साठलेली असताना ती जोराच्या वेळी का वापरली जात नाही?

कारण तिच्या वाटेवर नाके फार. मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तात अल्ब्युमिनवर, पेशीत वेगळ्या वाहक प्रथिनावर बसून जातं. मायटोकॉन्ड्रियाच्या दाराशी त्याला कार्निटिन हा वाहक रेणू जोडून आत घ्यावं लागतं, आणि ग्लायकोलिसिस जोरात असताना हे दार अंशतः बंद होतं. त्यामुळे चरबीपासून एटीपी बनण्याचा कमाल वेग कर्बोदकांच्या साधारण निम्माच असतो. पावागडावर सावकाश, बोलत बोलत चढताना चरबीचा वाटा मोठा असतो. माचीवरून धावत सुटलात तर ग्लायकोजेन झपाट्याने जातं.

लॅक्टिक आम्ल साचल्याने पाय दुखतात, हे खरं ना?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारं दुखणं त्याचं नाही. रक्तातलं लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात जवळपास मूळपदावर येतं. ते दुखणं तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या सुजेचं, आणि ते उतरताना जास्त होतं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. पावागड चढून आल्यावर मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे.

लॅक्टेट हे उलट इंधन आहे. वेगवान तंतूंत बनतं, वाहक प्रथिनांतून बाहेर पडतं, आणि शेजारचे संथ तंतू व हृदय ते जाळतात. त्याच्या निरपराधीपणाचा जुना पुरावाही आहे. १९५१ मध्ये ब्रायन मॅकार्डल यांनी असा रुग्ण नोंदवला ज्याचे स्नायू व्यायामात घट्ट आखडायचे, पण त्याचं लॅक्टेट वाढायचंच नाही. त्याच्या स्नायूत ग्लायकोजेन फोडण्याची सोयच नव्हती.

मग दमणं म्हणजे एटीपी संपणं का?

नाही. एटीपी खरोखर संपलं तर मायोसिन ॲक्टिनला धरून बसेल आणि स्नायू लाकडासारखा ताठ होईल, मृत्यूनंतर होतो तसा. जिवंत पेशी त्याआधीच हात आखडता घेते. जोराच्या कामात क्रिएटिन फॉस्फेट फुटत जातं तसा मोकळा फॉस्फेट दोन-तीन मिलिमोलरवरून वीस-तीस मिलिमोलरपर्यंत चढतो. तो मायोसिनची पकड सैल करतो आणि कोठारातून कॅल्शियम सुटणं कमी करतो. एडीपी वाढू लागलं तर दोन एडीपींचं एक एटीपी आणि एक एएमपी (एकच फॉस्फेट उरलेला रेणू) बनवलं जातं, आणि एएमपीतून अमोनिया सुटतो. म्हणजे थोड्या वेळच्या दमण्यात कचऱ्याचा निचरा मागे पडलेला असतो. दोन-तीन तासांच्या दमण्यात ग्लायकोजेनचा तुटवडा, उष्णता, पाणी आणि मेंदूचा हिस्सा मोठा.

जोर-बैठकांच्या दोन फेऱ्यांमध्ये किती थांबावं?

दांडिया बाजारातल्या प्रा. माणिकरावांच्या आखाड्यापासून ते आजच्या जिमपर्यंत हा प्रश्न तोच आहे. क्रिएटिन फॉस्फेट निम्मं भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, जवळपास पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं. ताकदीसाठी करत असाल तर ३ मिनिटं थांबा. दम वाढवायचा असेल तर ३० ते ६० सेकंद. हे भरणं पूर्णपणे ऑक्सिजनवर चालतं. दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवलं तर एक कणही भरत नाही, म्हणून फेरीनंतर श्वास रोखून खाली बसू नये, हलकं चालत राहावं.

अंग आधी गरम केल्याने विसरण वाढतं का?

फारच थोडं, अंशाला दोन-तीन टक्के. खरा फायदा एन्झाइम्सना होतो, तापमान दहा अंशांनी वाढलं तर त्यांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. थंडीत सकाळी पायाचे स्नायू ३४-३५ अंशांवर असू शकतात. १० मिनिटं हलक्या हालचालीने ते ३७-३८ वर येतात. मे महिन्याच्या बडोद्यात मात्र पाच मिनिटं पुरतात, तेव्हा जास्त काळजी उष्माघाताची.

गरब्याच्या नऊ रात्री उपवास करून नाचायचं असेल तर?

तीन-चार तासांचा गरबा हा मध्यम ते जोराचा व्यायाम आहे, आणि रिकामं ग्लायकोजेन पूर्ण भरायला चांगलं खाऊनही २४ तासांच्या आसपास लागतात. रोज थोडी तूट राहिली की पाचव्या-सहाव्या रात्री पाय शिशाचे होतात. निर्जळी उपवास करून नाचू नये, हे स्पष्ट सांगतो. फराळी उपवास असेल तर:

दोन-तीन तास आधी साबुदाण्याची खिचडी किंवा मोरैयो (वरई), तेल-दाणे बेताने, कारण चरबीने पोट सावकाश रिकामं होतं. नाचताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम येतात, चार चमचे साखरेच्या लिंबू सरबतात १६ ते २०. घाम फार येत असेल तर १ लिटर पाण्यात ६ चहाचे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, उपवासाला सैंधव चालेल. घरी आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा कर्बोदकं घ्या, त्या वेळी स्नायू ग्लुकोज सर्वांत वेगाने ओढून घेतो. बरेच जण दमून तसेच झोपतात, आणि दुसऱ्या रात्रीचं नुकसान तिथेच होतं.

मधुमेह आहे. जेवणानंतर चालल्याने साखर कशी उतरते?

ग्लुकोज आत घेणारी दारं, ग्लूट-४ नावाची प्रथिनं, एरवी पेशीच्या आत पुटिकांत ठेवलेली असतात. इन्सुलिनच्या सांगण्यावरून ती पटलावर येतात. पण स्नायूच्या आकुंचनानेही येतात, आणि तो मार्ग इन्सुलिनपेक्षा वेगळा आहे. म्हणून इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना साखर घेतो. जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला. एका व्यायामाचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर खिशात साखर ठेवा.

क्रिएटिनची पावडर घ्यावी का? आम्ही शाकाहारी आहोत.

शरीर रोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटिन स्वतः बनवतं, तेवढंच मांसाहारातून येतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूत ते कमी असतं, म्हणून पावडरचा परिणाम बहुधा जास्त दिसतो. साधं मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, जेवणासोबत. तीन-चार आठवड्यांत स्नायू भरतो. घाई असेल तर ५ ग्रॅम दिवसातून चार वेळा, पाच-सहा दिवस, पण त्यात पोट बिघडू शकतं. एखादा किलो वजन वाढतं, ते पाणी असतं. फायदा छोट्या, जोराच्या, पुन्हापुन्हा कराव्या लागणाऱ्या कामात. लांब चालण्यात फारसा नाही. रक्त तपासताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजतात ते) थोडं वाढलेलं दिसेल, डॉक्टरांना पावडरबद्दल आधीच सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर घेऊ नका.

व्यायामानंतर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली. काय करावं?

त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला दवाखान्यात जा. तंतू फुटून मायोग्लोबिन रक्तात आलं की ते मूत्रपिंडात अडकतं, आणि पेशीतलं पोटॅशियम बाहेर आल्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जाण्याआधी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं घेऊ नका. लघवीच्या पट्टीवर रक्त दाखवतं पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, ही मायोग्लोबिनची खूण. रक्तातलं क्रिएटिन कायनेज, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि ईसीजी लागतो.

असं दुसऱ्यांदा झालं तर डॉक्टरांना त्रास नेमका कधी सुरू होतो ते सांगा. पहिल्या काही मिनिटांत आखडतं आणि थोडं थांबून, दहा मिनिटांनी सोपं वाटू लागतं, हे मॅकार्डलच्या आजाराकडे बोट दाखवतं. सुरुवातीला काहीच नाही, पण तासन्‌तास श्रम, उपवास, ताप किंवा थंडी यांनंतर होतं, तर कार्निटिनच्या वाटेवरचा दोष, म्हणजे सीपीटी-२ या एन्झाइमची कमतरता, तपासावा लागतो. अशांनी उपवास करून गरबा खेळू नये.

मुलांना हे विसरण घरी दाखवता येईल का?

येईल, आणि स्वस्तात. चायना ग्रास ३ ग्रॅम २०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, सपाट पारदर्शक डब्यात ओता आणि न हलवता गोठू द्या. जिलेटिन वापरू नका, बडोद्याच्या उन्हाळ्यात ते वितळतं. मधोमध पेन्सिलच्या टोकाएवढा खळगा करून खायच्या रंगाचा एक थेंब घाला. झाकण लावा, नाहीतर वरचा थर सुकून रंगाची वाट बिघडते. डब्याखाली आलेखाचा कागद ठेवून रंगाची कड १ तासाने, ४ तासांनी आणि १६ तासांनी मोजा. पहिल्या तासात ती काही मिलिमीटर जाईल. ४ तासांनी त्याच्या साधारण दुप्पट, चौपट नव्हे. १६ तासांनी चौपटीच्या आसपास. खळग्यात रंग जास्त ओतला किंवा मिश्रण नीट गोठलं नसलं तर रंग वाहत जातो आणि आकडे चुकतात. तसं झालं तर नवीन डबा लावा.